पहिल्या दोन नाकारायच्या

३ जून, सकाळी ९
आणि तू तरी तोंड वाकडं करू नकोस, वही! घरातले करताहेत तेवढं पुरे. बीएस्सी गणितात करायची तर कॉलेजही गणितानेच निवडायचं, यात माझं चुकलं काय? पाच ठिकाणी अर्ज केलेत. नियम सोपा. पहिले ३७ टक्के, म्हणजे पहिल्या दोन ऑफर, डोळे मिटून नाकारायच्या. मग त्यांच्याहून सरस येईल ती पहिली घ्यायची. सिद्ध झालेलं आहे. आई म्हणाली, म्हणूनच तू आणलेले टोमॅटो सडके निघतात. दुर्लक्ष.

७ जून
पहिली ऑफर. बरं कॉलेज. नाकारलं. वाईट वाटलं नाही. फारसं.

११ जून
दुसरी. डोंगरावरचं कॉलेज. वर्गात बाराच मुलं, पहिल्याच वर्षी टोपॉलॉजी, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारांचं गणित. तिथल्या सरांनी स्वतः फोन केला. एन्ट्रन्समधला माझा शेवटचा प्रूफ फार आवडला म्हणाले. मी आभार मानले आणि सांगितलं, पण सर, तुम्ही दुसरे आहात. त्यांनी दोनदा विचारलं, दुसरे म्हणजे? इम्प्रेस झाले असावेत.

११ जून, दुपारी
ताईने ऑफरचं पत्र नाकासमोर धरलं. बावळटा, म्हणे, हातची गेलेली परत येत नसेल तेव्हाचा नियम आहे तो. इथे तीस तारखेपर्यंत मुदत आहे. पाचही जमवून आरामात निवडायचंस! मी म्हटलं, पत्रं वाचणं हे कारकुनाचं काम. ती म्हणाली, मग एखादा कारकून ठेव. जळते.

१८ जून
तिसरी. दुसरीच्या पासंगालाही पुरत नाही. नाकारली. नियम म्हणजे नियम.

२२ जून
चौथी. गणित आहे, पण कॉमर्सच्या मुलांबरोबर एकाच वर्गात. नाकारली. जेवताना बाबांनी ताटातून मान वर केली नाही.

२३ जून
संकल्प: शांत राहणे. ताईशी न बोलणे. फोन दर पाच मिनिटांनी न बघणे.

२३ जून, दहा मिनिटांनी
दोनदा बघितला.

२९ जून
पाचवी आली! पुरेशी मुलं न मिळाल्याने यंदा गणिताचा वर्ग होणार नाही. भूगोलात जागा आहे, उद्या अकरापर्यंत या.
डोंगरावरच्या सरांना फोन केला. सहज. जागा भरल्या म्हणाले. वेटिंग लिस्टमध्ये मी सव्विसावा. तुझा पेपर अजून टेबलावर ठेवलाय रे, म्हणाले. मी आभार मानले आणि फोन ठेवला.

३० जून, सकाळी ८
नीट विचार केला. नकाशा म्हणजे तरी काय, टोपॉलॉजीच. उलट हे जास्त खोल आहे. बाबांनी न विचारता मार्कशीटच्या झेरॉक्स काढून आणल्यात. ताई दारात उभीये, तोंड उघडायच्या बेतात. चपला घातल्या. निघालो.