अक्काला न गेलेलं फूल

२८ ऑगस्ट
फजिती! मंदिरात महाराजांचं प्रवचन ऐन रंगात आलेलं आणि माझ्या पर्समध्ये मोबाईल कोकलायला लागला. बंद करायला गेले तर उचललाच गेला— आतून भावजय ओरडतेय, "ऐकतासा न्हवं?" सगळं मंदिर ऐकत होतं!

नंतर महाराजांनी विचारलं, दशलक्षणाच्या दहा दिवसांत कोण कसला नियम घेणार? कुणी मीठ सोडलं, कुणी गोड. मी लाजेच्या भरात उठले आणि म्हटलं, "मोबाईल!" आता पर्व संपून सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवसापर्यंत, क्षमावाणीपर्यंत, सुटका नाही. हे पोट धरून हसले. मी फोन बंद करून कपाटात टाकला आणि किल्ली यांच्याच हातात दिली.

२९ ऑगस्ट
दुपारी चष्म्याचं घर कानाला लावलं. कुणी पाहिलं नाही.

३० ऑगस्ट
अक्काची आठवण येतेय. मी रोज सकाळी सगळ्यांना फुलाचं चित्र पाठवते, त्यात कुपवाडच्या गुणमाला अक्कालाही. सख्खी मोठी बहीण, पण दोन वर्षं अबोला! माझ्या चकल्यांच्या फोटोखाली तिनं घरच्या ग्रुपवर लिहिलं— "मऊ पडल्यात गं." मऊ! मी चार शब्द सुनावले, ती ग्रुप सोडून गेली. आता क्षमावाणीला दोघी तेच हात जोडलेलं चित्र एकमेकींना पाठवतो आणि पुन्हा वर्षभर गप्प. फुलाला तर तिचं कधीच उत्तर नाही. बघते की नाही, देव जाणे. तरी पाठवते. मला माझी अक्का परत हवीय.

१ सप्टेंबर
चहा गरम असतो! आजच कळलं. फोटो काढायचा नव्हता, म्हणून केल्या केल्या गच्चीत बसून प्यायले.

हे मोबाईलवर बातम्या बघत होते. मी म्हटलं, "दूध मांजर पिऊन गेलं. आता मीही जाते."
"हं."
या "हं"शी इतकी वर्षं संसार केला मी! बऱ्याच वेळानं यांनी मान वर केली— "मांजर कुठलं?" दोघंही हसत सुटलो. किती दिवसांनी असं हसलो. फार बरं वाटलं.

४ सप्टेंबर
चकल्या तळत होते. बेल वाजली. दारात अक्का! घामाघूम. रिक्षा तशीच उभी.

"जिती हाईस व्हय गं, चंदे?"
"मला काय झालंय?"
"मग फूल कुठाय? रोज उठले की आधी ते बघती मी. आता फूल न्हाई, फोन लागंना… मला वाटलं…"

"यांना विचारायचंस की!"
"व्हय! म्हंजे तुला कळलं असतं मला काळजी वाटती म्हणून!"

मला रडू फुटलं. तिलाही. मग मी नियमाचं सांगितलं तर रडता रडता हसायला लागली. चकल्यांचं ताट पुढे केलं.

"एकाशन हाय माझं, दिवसाचं एक जेवण झालंय. बांधून दे. घट्ट बांध— न्हाईतर मऊ पडतील."

८ सप्टेंबर, क्षमावाणी
फोन हातात आला. हात जोडलेली चित्रंच चित्रं! अक्काचा मात्र एकच शब्द— "कडक!"

सवयीनं फूल निवडलं. अक्काच्या नावापाशी बोट थांबलं.

नाही पाठवलं. येऊ दे पळत!