कॅरव्हॅनला जोडायची गाडी

बाबा,

आज मी गाडी घेतली. मी शोधलेली, मी निवडलेली, कागदांवर माझी सही असलेली. हे तुम्हाला कळवण्यात काही अर्थ नाही. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि असतात तरी "जावईबापूंनी बघितली ना नीट?" एवढंच विचारलं असतंत. तरी लिहिते आहे, कारण सकाळपासून मी तुमच्यावर चिडलेली आहे आणि हा राग घरात दुसऱ्या कोणावर काढून उपयोग नाही.

इथे परदेशात, आम्ही राहतो त्या टौरंगाला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या गाड्या विकणाऱ्यांची रांगच आहे. आज सकाळी त्यातल्या एका आवारात आम्ही दोघं शिरलो. विकणारा पोरगेला, गॉगल डोक्यावर चढवलेला. एका डिझेल गाडीपाशी उभं राहून मी त्याला विचारलं, "व्हॉट्स द टोबॉल लिमिट ऑन धिस वन?" टोबॉल म्हणजे गाडीच्या मागचा लोखंडी गोळा, ज्यावर कॅरव्हॅनचा, म्हणजे मागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घराचा, दांडा बसतो. तुम्ही त्याला हूक म्हणाला असतात. त्या गोळ्यावर किती भार टाकलेला चालतो, एवढाच माझा प्रश्न होता. प्रश्न मी विचारला आणि उत्तर मिळालं तुमच्या जावयांना. "शी विल टो एनिथिंग, मेट. स्वीट अ‍ॅज." म्हणजे चिंताच नको. हे म्हणाले, "आस्क हर. शी इज द वन हू नोज." तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे वळून पाहिलं, आणि ते पाहणं मी ओळखते. हडपसरच्या गॅरेजात डबा घेऊन आलेल्या मुलीकडे तुम्ही तसंच बघायचात.

मी दहावीत होते. त्या दुपारी तुमचा डबा घेऊन आले तेव्हा गॅरेजसमोर मंडपवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्यामागे दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉलीवर लग्नाचा जनरेटर, आणि त्याच्या मागे, अगदी शेपटाकडे, डिझेलचे ड्रम आणि लोखंडी पाइप. हुकाचा दांडा वर उचलला गेला होता. मला कोणी काही शिकवलेलं नव्हतं. पण आपल्या गल्लीतला भाजीवाला रोज सकाळी हातगाडी भरताना बटाट्याचं जड पोतं मागे कधीच ठेवत नाही हे मी खिडकीतून बघत आले होते. मी म्हटलं, "बाबा, मागे जड झालंय. वेगात गेली की ट्रॉली हलेल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तुला कोणी विचारलं? डबा ठेव आणि घरी जा." मंडपवाला हसला, त्याचा ड्रायव्हर हसला. मी डबा ठेवला. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी पोचून मागे वळून पाहिलं, तर तुम्ही दोघातिघांना हाताशी घेऊन ड्रम पुढे सरकवत होतात.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरले असते. संध्याकाळी तुम्ही जेवायला बसलात, आई तव्याशी होती आणि मी तुमच्या पानात पोळी वाढत होते. तुम्ही आईला सांगत होतात, "आज मंडपवाल्याची ट्रॉली दिवे घाटात उलटलीच असती. माझ्या लक्षात आलं म्हणून वाचला." आई म्हणाली, "तुमची नजरच तशी आहे." मी पोळी वाढली, तूप वाढलं आणि आत निघून गेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढे माझ्या लग्नात तुम्ही टायरमधली हवा मोजायचा तुमचा पितळी गेज काढून दिलात, तोही जावयांना. त्यांना आजही तो धड वापरता येत नाही. इकडे येताना मी माझ्या बॅगेतली दोन पातेली काढून तिथे तो गेज ठेवला होता, हे त्यांनाही माहीत नाही.

आता गेल्या डिसेंबरचं ऐका. कॅरव्हॅन आधी आली आणि गाडी नंतर. माझ्या कामावरच्या एका वयस्क बाईंनी गुडघ्यांपायी कॅरव्हॅन विकायला काढली. एका जोडीच्या चाकांवरची, चौघं झोपतील अशी, स्वयंपाकाचा ओटा पार मागच्या भिंतीला. ती ओढायला गाडी हवी म्हणून मी तीन आठवडे वाचत होते. गाडी कॅरव्हॅनपेक्षा चांगली जड हवी, नाहीतर उतारावर कॅरव्हॅनच गाडीला हाकायला लागते. कॅरव्हॅनच्या पाटीवर लिहिलेलं वजन रिकामीचं असतं, त्यात पाणी नाही, गॅस नाही, एक चमचाही नाही. हे सगळं मला पाठ होतं. तुमच्या जावयांना मात्र एक छोटी, नीटस, कमी पेट्रोल पिणारी गाडी आवडली, आणि तिथल्या विक्रेत्याने पाटीवरचा आकडा वाचून सांगितलं, की कॅरव्हॅन अकराशे किलो, गाडी ओढते बाराशे, नो वरीज. मी तोंड उघडलं. आणि बाबा, मी ते मिटलं. पॅकहाउसमध्ये, म्हणजे फळं निवडून खोक्यांत भरायच्या कारखान्यात, किवीफ्रूटच्या हंगामात माझ्या हाताखाली चाळीस माणसं असतात. फोर्कलिफ्टवाल्याला मी भर पावसात ओरडून परत फिरवते. पण हातात गाडीची किल्ली घेतलेला पुरुष समोर आला की आतून तुमचा आवाज येतो. तो तुम्ही तिथे बसवून ठेवलात. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, आणि मला कोणी विचारलं नाही म्हणून मी गप्प बसले.

नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. हेन्डरसनला ह्यांच्या मित्राकडे दोन दिवस आणि मग त्या कुटुंबाला घेऊन उत्तरेला, समुद्रकाठी. आता दोन मराठी कुटुंबं आठ दिवस बाहेर राहणार म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. दहा किलो तांदूळ, कणकेची पिशवी, दोन कुकर, मिक्सर, बिडाचा तवा, लोणच्याच्या बरण्या, नारळ. इथले लोक अशा सुट्टीत सॉसेज भाजून खातात आणि डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, ब्रेड आणतात. आपल्याला ते कसं चालेल. सगळं मी एकटीने भरलं, ओट्याखालच्या कपाटांत, ठासून. लेक स्विमिंगचे कपडे खांद्यावर टाकून ड्राइव्हवेवर उभी होती. दहा वर्षांची आहे. तिला तुम्ही पाहिलेलं नाही.

कायमाईचा डोंगर चढताना गाडी धापा टाकत होती, पण चढली. उतारावर प्रकरण सुरू झालं. आधी गाडीचं बूड कोणी हलकेच ढकलावं तसं झालं, मग उलट बाजूने, मग आरशात कॅरव्हॅन डावीकडे दिसायला लागली, मग उजवीकडे, दर वेळी जास्त. मागे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक होता. ह्यांनी घाबरून ब्रेक दाबला आणि कॅरव्हॅनने आम्हाला रस्त्याच्या मधल्या रेषेपलीकडे फेकलं. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच आमचं नशीब. मागच्या सीटवर लेक ओरडतसुद्धा नव्हती. तेव्हा माझा आवाज फुटला. "ब्रेक सोडा. पाय काढा. स्टिअरिंग सरळ धरा, काही करू नका." ह्यांनी ऐकलं. वेग उतरत गेला, हेलकावे कमी झाले आणि कडेच्या रुंद जागेत आम्ही थांबलो. 

ट्रकवाला आमच्यामागे थांबला. धिप्पाड माओरी माणूस, पन्नाशीचा. "किआ ओरा," म्हणजे नमस्कार, "यू गाइज ऑलराइट?" त्याने आधी लेकीची चौकशी केली, तिला पाणी दिलं, मग कॅरव्हॅनचं दार उघडलं. ओट्याखालची कपाटं फुटली होती, तांदूळ सगळीकडे आणि त्यात लोणचं. तो म्हणाला, "हू आर यू फीडिंग, द होल मराए?" मराए म्हणजे त्यांच्या समाजाची जागा, तिथे शेकड्यांनी पाहुणे जेवतात. मग तो पुढे आला, हुकाचा दांडा सोडवून त्याने तो एका हाताने वर उचलला. एका हाताने, बाबा. "नथिंग ऑन द बॉल. ऑल युअर वेट्स इन द बम, मेट." गोळ्यावर भारच नाही, सगळं वजन मागे, हे त्याने तुमच्या जावयांना सांगितलं. भरलं होतं मी.

त्या दिवसापासून घरात सगळे म्हणतात, गाडी हलकी होती. मीही म्हणते. ते खरं आहे, पण अर्धंच. आज मी जी गाडी घेतली ती दोन टनांची आहे, तिच्या गोळ्यावर दीडशे किलो चालतात, आणि आधी भरलेली कॅरव्हॅन वजनकाट्यावर नेऊन मग तिच्या हिशोबाने ती घेतली आहे. तशी गाडी पुढे असती तर कॅरव्हॅन इतकी हलली नसती. पण पंधराव्या वर्षी जे मला रस्त्यावरून दिसलं होतं, तेच मी माझ्या हातांनी केलं, सगळं जड मागे ठासून भरलं. माझं स्वयंपाकघर, माझी कपाटं, तिथे मला कोणी काही सांगायचं नाही, अशा तोऱ्यात.

दुपारी नवी गाडी जोडून पाहिली. लेकीने न्हाणीघरातला वजनकाटा आणला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, आम्ही दांडा त्यावर टेकवला. ती जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढून पालथी पडली आणि आकडा वाचला, "नाइन्टी-सिक्स, आई. इज दॅट गुड?" मी म्हटलं, चांगलं आहे. ती म्हणाली, "सो इट्स नॉट पॉइंटिंग अप धिस टाइम." आणि उठून हात झाडत माझ्याकडे पाहायचं टाळून घरात गेली.

तेच लिहायला बसले होते आणि चार पानं तुमच्यावर ओरडण्यात घालवली. डिसेंबरातल्या त्या सकाळी, आम्ही निघण्याआधी, ड्राइव्हवेवर उभं राहून तिने मला सांगितलं होतं. "आई, इट्स पॉइंटिंग अप अ‍ॅट द फ्रंट. इट लुक्स राँग." माझ्या हातात तांदळाची पिशवी होती. मी मान वर न करता म्हटलं, "तुला कोणी विचारलं? गाडीत बस." ती मराठीत बोलत नाही, पण तिला सगळं कळतं. ती गाडीत जाऊन बसली, आणि डोंगर उतरताना ओरडलीही नाही.

त्या ट्रकवाल्यालाही मी हे सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. सहा महिने झाले, मी तिची माफी मागितलेली नाही. रोज ठरवते आणि रोज आधी तुमचा राग येतो, कारण ती माफी मला आधी तुमच्याकडून हवी होती. ती काही आता मिळत नाही. लेक आतल्या खोलीत आहे, दार उघडंच आहे. तुमचा गेज घेऊन मी तिला हाक मारणार आहे, नव्या गाडीच्या टायरांमधली हवा बघायची आहे. कशी सुरुवात करायची ते मला अजून सुचलेलं नाही.