आपल्या पंगतीतलं पिल्लू

आबा, काल जळगावला नातवाने मोबाइलवर एक चिंपांझी दाखवला. माणसांच्या घरात वाढलेला, टेबलाशी बसून चमच्याने जेवत होता. नातू हसून हसून लोळला. मी मात्र विचारात पडले, हा स्वतःला कोण समजत असेल? मग आपलं पिल्लू आठवलं.

पारोळ्याकडच्या आपल्या गावात वानरीण विजेच्या तारेला चिकटून मेली, तेव्हा गावाने तिची माणसासारखी तिरडी बांधली. दहाव्याला तुम्ही डोकं भादरून घेतलंत. तिचं पिल्लू तुमच्या बंडीला जे बिलगलं ते सुटेना. आई आधी कुरकुरली, "घरमा वानर कोन ठेवस?" आणि आठच दिवसांत दुधात भाकरी कुस्करून त्याला भरवायला लागली. जेवताना ते आमच्या पंगतीत बसायचं, ताटाकडे नाही, आमच्या तोंडांकडे बघायचं. घराच्या धाब्यावर, त्या मातीच्या छतावर, वानरांची टोळी आली की घाबरून आईच्या पदरात शिरायचं. आपले हात काळे आणि यांचे नाहीत, हे त्याला दिसत नसेल का? मला अजून उलगडलेलं नाही.

वर्षभराने तुम्ही ठरवलंत, याला त्याच्या लोकांत धाडायचं. टोळी बांधावरच्या निंबावर होती. तुम्ही त्याला खाली ठेवलंत आणि माझ्या हातात ढेकूळ दिलंत. "मार माय! तो आपला नही, त्यासना शे." वानर म्हणजे मारुती, त्याला गावात कुणी मारत नाही. माझा हात उठेना, तेव्हा तुम्हीच मारलंत, आणि तुमचे डोळे भरून आले. ते निंबावर चढलं. एका म्हाताऱ्या वानरिणीने त्याला हुंगलं, शेजारी बसू दिलं. तुम्ही मागे न बघता घरी निघालात. दिवस मावळायच्या आत ते दारात हजर!

टोळी पुढच्या शिवारात गेली. पुन्हा आली तेव्हा तिने त्याला हुसकावलं. मग ते शाळेच्या पत्र्यावर एकटंच राहिलं, ना त्यांचं ना आपलं. लाड करून आपणच त्याला बिघडवलं, ही टोचणी तुम्हाला शेवटपर्यंत होती. "मन्हामुळे वाया गया तो," म्हणायचात.

आबा, त्या दिवशी ते आपणहून आलं नव्हतं. तुम्ही वळल्यावर मीच निंबाखाली उभी राहून त्याला बोलावलं. मला ते सोडवेना. हा कागद टपालात टाकायचा नाही म्हणून एवढं लिहिलं. तुम्ही समोर असतात तर आजही तोंड उघडलं नसतं.