चार फोटो, एक चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार
समाजाच्या वधू-वर पुस्तिकेचं काम मले भेटलं. यंदा छापील नाही, मोबाइलवर. अमरावतीत माह्यासारखा डीटीपीवाला दुसरा नाही, हे समितीले उशिरा का होईना कळलं. उमेदवारांत मीही आहे. वय एकोणचाळीस, चौतीस लिहिलं. अकोल्याच्या बँकेतली आरती हो म्हणाली पाहिजे, बस. मागच्या मेळाव्यात तिनं मले पाणी पाहिजे का म्हणून विचारलं होतं. सगळ्यांनाच विचारत होती, पण मले दोनदा.

६ नोव्हेंबर
समितीची दीपमाला दुकानात आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, त्याचा माज. म्हणे, एका फिगरमधी, म्हणजे कोडातल्या चौकटीत, चार फोटो घ्या, पण दरेक फोटोची आत वेगळी फिगर करा अन् त्याची कॅप्शन त्याच्याच टॅगमधी, त्याच चौकटीत ठेवा. बाहेरच्या मोठ्या फिगरले फक्त विभागाचं नाव. म्हणजे चार फोटोंले पाच फिगर. वीस वर्षं लग्नपत्रिका करून राहिलो, अन् ही मले शिकवते. हो हो म्हटलं. चहा पाजला नाही.

८ नोव्हेंबर
चार फोटो ओळीनं टाकले, खाली चार कॅप्शन ओळीनं, मधात स्पेसबार. झालं काम. स्क्रीनवर मस्त दिसून राहिलं. पहिला फोटो माहा, शाल-श्रीफळ घेतानाचा. वजन पडते. खाली माहं दुकान, घर, निर्व्यसनी, फोन नंबर.
चारातला एक उमेदवार, बार्शीटाकळीच्या श्यामचा फोन आला, माहा फोटो जरा मोठा लावा म्हणे. मोबाइल दुरुस्त करते अन् रुबाब पाहा. मुद्दाम शेवटी टाकला.

१२ नोव्हेंबर, सकाळी
दीपमाला विचारते, मोबाइलवर उघडून पाहिलं का. पाहिलं म्हटलं. आज पाहतोच.

संध्याकाळी
राहून गेलं. पुस्तिका ग्रुपवर टाकली.

१६ नोव्हेंबर
आरतीचे वडील पंजाबराव यांचा फोन. पोरीले पसंत आहे, रविवारी या म्हणे. लय देखणे दिसता म्हणे. हे मले आजवर कोणी म्हटलं नव्हतं, लोकांले नजरच नाही. दीपमालेले मुद्दाम कळवलं. आता तिनं मले टॅग शिकवूनच दाखवावं. नवा शर्ट घेतला.

२३ नोव्हेंबर, रविवार
अकोल्याले गेलो. आरती आली अन् वाकून पाया पडली. पंजाबराव माह्या मागं पाहून म्हणे, अध्यक्षसाहेब, मुलगा कुठाय?
मग त्यांनी मोबाइल दाखवला. चारही फोटो एकाखाली एक, त्याच्याखाली चारही कॅप्शन. सगळ्यात वर मी, शाल पांघरून, समाजाचा अध्यक्ष शोभावा असा, खाली नावगाव काही नाही. शेवटी श्याम. अन् श्यामच्या बरोब्बर खाली माहं दुकान, घर, निर्व्यसनी, फोन नंबर.
सगळं समजावून सांगतलं. म्हटलं, तुमाले जे पसंत पडलं ते माहं आहे. आरती आत गेली, विचार करून आली. म्हणे, फोटो हाच राहू द्या, खालचं तेवढं बरोबर करून पाठवा.

रात्री
केलं. श्यामची फिगर, तिच्यात श्यामचा फोटो, तिच्यातच श्यामची कॅप्शन अन् नंबर. मोबाइलवर उघडून पाहिलं. कुठंच हललं नाही. पंजाबरावांले पाठवलं. दीपमालेच्या पद्धतीत तसं काही विशेष नाही.