हरणांनी तोंड फिरवलेली फुलं

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे अक्षरशः. अलीकडे माझा बराचसा दिवस वाफ्याशेजारी पालथं पडण्यातच जातो.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींनी मीठ सोडलं, की फक्त तुझ्यासमोर सोडलं? आम्ही तिघंही बरे आहोत. सासरेबुवा तर जरा जास्तच बरे आहेत.

पत्रास कारण तूच. मी निवृत्त झालो त्या दिवशी चार लोकांत तू म्हणालीस, याच्या हातून बागेत तणसुद्धा धड उगवणार नाही. आता तू राहायला येते आहेस, म्हणून आधीच कळवतो. माझ्या बागेत फुलं आली आहेत, ती मी बियांपासून वाढवली आहेत, आणि टेकडीवरून येणाऱ्या हरणांनी त्यातलं एक पानही खाल्लेलं नाही. शब्द मागे घ्यायची तयारी तुला सावकाश करता यावी म्हणून हे लेखी.

हरणांचं तुला ठाऊकच आहे. कुंपणाला ती जुमानत नाहीत. मी लावायचं, त्यांनी चरायचं, आणि हिने सकाळी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून ते कौतुकाने बघायचं. एक पिलाची हरणी यायची, तिच्याबद्दल तर ‘खाऊ दे, लेकुरवाळी आहे ती’ असा निकालच. घरचंच माणूस फितूर म्हटल्यावर काय करणार? शेवटी ठरवलं, इथल्याच माळावरची रानफुलं लावायची. पानांना लव, वास उग्र. हरीण तोंड लावत नाही. रोपवाटिकेवाल्या बाईंनी बी दिलं आणि बजावलं, की थंडी लागल्याशिवाय हे बी जागं होत नाही, ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवा. मी ते साखरेच्या जुन्या डब्यात ठेवलं. (मुंग्यांमुळे आमची साखरही फ्रिजमध्येच असते, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.) सासरेबुवांनी त्यातला चमचाभर चहात घातला, ढवळला, बराच वेळ ढवळत राहिले, आणि हल्ली साखरेत राम राहिला नाही एवढंच म्हणाले. पुढे काही दिवस मी त्यांच्याकडे जरा आशेनेच पाहत होतो.

पुढची चूक मात्र मुद्रितशोधकालाच जमेल अशी. सारा जन्म छापखान्यात लोकांच्या चुका काढण्यात गेला. काही ओळीबाहेर दिसलं की माझा हात शिवशिवतो. बी मी दोरी बांधून सरळ ओळीत पेरलं. सासरेबुवांनी (मदत म्हणून) त्यावर पाइपने इतक्या जोरात पाणी मारलं, की बी वाहून वाफाभर पसरलं. मला पत्ताच नाही. कोंब वर आले तसे मी ओळीबाहेरचे सगळे उपटून टाकले, आणि ओळीत जे आलं त्याला जिवापाड जपलं. भिंग लावून बघायचो, फोटो काढून बाईंना पाठवायचो. त्यांनी उलट कळवलं, की गवत छान आलंय.

हसून घे, मग पुढे वाच. डब्यात उरलेलं बी मी वाळूसकट मुठीने विस्कटून टाकलं, आणि वाफ्याला बोट लावायचं नाही अशी मला घरातून सक्त ताकीद मिळाली. मी रोज पाठीमागे हात बांधून उभा राहायचो. जन्मात पहिल्यांदा काही न सुधारता सोडून दिलं, आणि तेच बरोबर आलं.

आता काय सांगू, ताई. जांभळी, पिवळी, मधेच एखादी पांढरी, कशाला म्हणून शिस्त नाही, आणि मला त्यात एकही चूक सापडत नाही. पलीकडचे दंतवैद्य काम थांबवून खिडकीत उभे राहतात (पेशंटचं तोंड तर आधीच उघडं असतं). हरणी पिलाला घेऊन आली, हुंगलं, शिंकली, आणि जेवायला बोलावून उपाशी ठेवल्यासारखं माझ्याकडे बघून निघून गेली. त्या दिवशी मी भात दोनदा वाढून घेतला. मला माझाच अभिमान वाटतो आहे आणि तो मी झाकणार नाही. हिलाही फुलं आवडली आहेत. हल्ली जरा कमी बोलते, इतकंच.

तुझा धाकटा, पण आता विजयी, भाऊ

ता. क. : सासरेबुवा विचारताहेत, टीव्हीसमोरची खुर्ची तुला सोडावी लागेल का. लागेल असं सांगून ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. : हे वाचून फाडून टाक. हरणी त्यानंतर आलेली नाही. ही चहा आता आतच घेते. विचारलं तर म्हणते, बाहेर ऊन लागतं. ऊन पूर्वीही लागायचंच. काल मात्र पायरीवर नुसतीच बसली होती, टेकडीकडे बघत. मला पाहिलं तशी उठली आणि म्हणाली, फुलं खरंच सुंदर आली आहेत तुमची. ताई, त्या कौतुकानंतर माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हा येताना तुझ्या बागेतली गुलाबाची रोपं घेऊन ये, कोवळ्या फुटव्याची, गाडीत मावतील तेवढी. पायरीसमोरची जागा मी खणून ठेवली आहे. काट्यांची काळजी नको, हरणं काट्यांना भीत नाहीत. हिने विचारलं तर सांग, भेट म्हणून आणली. ती कुणी खाल्ली नाहीत, तर मात्र माझं काही खरं नाही.