सारिकाचा फोटो, सहा पावलांवरून

मंगळ., १७ फेब्रु., रोहा
शिफ्ट सुटली तर सारिकाचा फोन. मामाची धाकटी. लग्न महिन्यावर आलंय. "माझा एक फोटो काढ गो. बाहेर, मिठागरावर. एकटीचा." मी दोनदा विचारलं, नक्की? सातव्या वर्षी उकळतं पाणी पडून डावा गाल भाजला, तेव्हापासून कॅमेरा जवळ आला की ती उठून जाते. घरातल्या एकाही फोटोत नाही.

बुध., १८
कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सने शेजारच्या काकूंवर ट्रायल. जवळून नाक मोठं. लांबून मागचं सगळं स्पष्ट, चेहरा त्यात हरवलेला. बजेटात दोनच लेन्स: नवी ५० एमएम, नाहीतर जुनी ८५. कंबरेपर्यंतच्या फोटोला ५० ने तीन पावलांवर जावं लागेल, ८५ ने सहा. सगळे म्हणतात ५० घे, वॉरंटी तरी आहे. पण तीन पावलं...

शुक्र., २०, पेण
८५ पाहिली. स्टुडिओ बंद करणारे एक काका. टॉर्च मारला तर काचेच्या आत कडेला बुरशी, केसाएवढी. "ती फोटोत येत नाय. लेन्स फोकसला मात्र अडखळते." परत घ्याल? "नाय." अर्धा तास दुकानाबाहेर उभी. मग घेतली.

रवि., २२
पाचला मिठागर. वारा फार. सारिका बांधावर, पिवळी साडी, पदर गालावर. "जवल नको येव." सहा पावलांवर थांबले, आधी उजव्या बाजूचे काही काढले. फोकस तिला सोडून मागच्या मिठाच्या राशीवर जायचा. ऊन उतरत होतं, तिचा धीरही. ऑटोफोकस बंद केला, लेन्सची रिंग हाताने फिरवली. म्हटलं, बोलत राहा काहीतरी. मिठागरातल्या गोष्टी सांगू लागली. बोलताबोलता पदर उडाला. तिने धरला नाही. चार फ्रेम. एकच शार्प.

मंगळ., २४
मामाकडे. उजव्या बाजूचे फोटो तिने भराभर सरकवले. पदर उडालेल्या त्या एकावर थांबली. मामी मागून, "ह्यो कुनाला दावू नको." मामी आत गेल्यावर मी विचारलं, होणाऱ्या नवऱ्याने गाल पाहिलाय ना? "पदरातून." मग हळूच, "तो मना पाठव. आयेला बोलू नको."

पाठवला. घरी पोचले तर तिचा मेसेज: त्याला धाडला. बघितलान. अजून काय लिवला नाय.