विस्तव मॅलकीकडे आहे

लायट्रिम,
४ ऑक्टोबर १९९६

प्रिय डिंपनाताई,
फिंटनचा सा. न. वि. वि.

बॉस्टनला थंडी पडली का? इथे आई घर सोडून गेली. घाबरू नकोस, शेतापलीकडे मॅलकीच्या घरी आहे.

झालं असं. ग्रॉन्याला आमच्या लग्नानंतर धुरात राहायचं नाही, आणि तिचं बरोबर आहे. आपली निम्मी ऊब धुराड्यातून वर जाते. म्हणून चुलीत काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवतोय. धुराड्यात पोलादी नळी सोडायची, तर गवंड्याने विस्तव विझवायला सांगितला. आईने आधी त्यालाच विझवायची तयारी दाखवली. पणजीपासून रोज रात्री राखेत झाकून जिवंत ठेवलेला विस्तव, तुला ठाऊक आहेच. शेवटी निखारे बादलीत घालून तिने मॅलकीच्या चुलीत नेले. तो म्हातारा ब्रह्मचारी ते घालवून बसेल, म्हणून स्वतःही तिथेच राहिली.

इकडे शेगडी चुलीच्या तोंडापेक्षा वीतभर उंच निघाली. माप मीच घेतलं होतं. वरचा दगड कापलास तर घरात पाऊल टाकणार नाही, असा तिचा निरोप आला. सध्या खाली खणतोय.

लग्न १९ तारखेला. तोवर ती परतली नाही तर सुनेने सासूला हाकललं असं सगळं गाव म्हणेल. तू तिला लिही.

लोभ आहेच, या खेपेला त्याचा थोडा उपयोगही होऊ दे.

फिंटन


बॉस्टन,
११ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न.

मला रजा नाही, म्हणून पत्रातूनच भांडते. मुलाच्या लग्नाला शेजाऱ्याच्या घरातून निघणार? काल ग्रॉन्या फोनवर रडली. शेगडी परत करते म्हणाली. तिला सांगितलं, आमच्या आईला कुणी घराबाहेर काढू शकत नाही. बाबांना तिची खुर्चीसुद्धा हलवता आली नाही. पण तिला ते पटलं नाही. फादर काय म्हणतील याचाही विचार कर.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

तुझी
डिंपना


लायट्रिम,
२१ ऑक्टोबर

चि. डिंपनास,
अनेक आशीर्वाद.

लग्न छान झालं. चर्चमधून मी पुढे गेले आणि निखाऱ्यांची बादली घेऊन आपल्या घराच्या दारात उभी राहिले. ग्रॉन्याचा चेहरा पांढराफटक. बादली तिच्या हातात दिली. तिने निखारे शेगडीत ठेवले, लाकूड घातलं, दार लावलं. थोड्या वेळात पाहुण्यांनी कोट काढले, फादरनी कॉलर सैल केली. शेगडी चांगली आहे. हे फिंटनला कळवू नकोस.

राहायला मात्र गेले नाही. माझ्या सासूनेही मला असाच विस्तव दिला होता. मग कोपऱ्यात बसून, मी लाकडं कशी चुकीची रचते ते मरेपर्यंत सांगत राहिली. त्याच संध्याकाळी ग्रॉन्याने ओंडका आडवा घातला. वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, तेही सासूच्याच आवाजात. मी कोट उचलला आणि निघाले. ग्रॉन्या फाटकापर्यंत मागे आली. तिला म्हटलं, रोज चहाला येईन, आणि चुलीकडे पाठ करून बसेन. तेव्हा कुठे हसली.

शिवाय निम्मे निखारे मॅलकीकडेच आहेत. कुणीतरी बघायला हवं. फादरची काळजी करू नकोस, मॅलकी पहिल्या दिवसापासून गोठ्यात झोपतो. तक्रार करत नाही. फक्त रोज संध्याकाळी दारात उभा राहून यंदा थंडी लवकर आली असं सांगतो. मी बघू म्हणते.

माया आहेच, मागायला नको. पत्रावर पत्ता मॅलकीचा घाल.

आई